कळसुबाईच्या उंचीवरची धावपट्टी

मे महिन्यात दुपारी दोनच्या सुमाराला सोलापूरच्या होटगी रस्त्यावरचं आमचं विमानतळ जवळजवळ कळसुबाईच्या शिखरावर जाऊन बसतं. एरवी त्याची उंची समुद्रसपाटीपासून ४८० मीटरच्या आसपास. विमानाचं गणित मांडताना जी प्रमाण हवा धरतात, ती समुद्रसपाटीला १५ अंशांची असते आणि दर १००० मीटरला साडेसहा अंशांनी थंड होत जाते. त्या हिशेबानं सोलापूरच्या धावपट्टीवर १२ अंश तापमान असायला हवं. १२ अंश आम्ही बघतो ते फार तर जानेवारीत, गड्ड्याच्या यात्रेच्या दिवसांत, पहाटे. मे महिन्यात पारा ४३ वर जातो, हवा विरळ होते, आणि विमानाच्या पंखांना ती १६०० मीटर उंचीवरच्या हवेसारखी लागते. कळसुबाईची उंची १६४६ मीटर.

मी अकरावीला भौतिकशास्त्र शिकवते. वर्गात हे सांगितलं की पोरं पहिल्यांदा विश्वास ठेवत नाहीत. मग फळ्यावर आकडे मांडते, ती वहीत करून बघतात, आणि मागच्या बाकावरून कुणीतरी हमखास विचारतं, ‘मग मॅडम, उन्हाळ्यात विमान उडणारच नाही का?’ उडतं. पण त्याच भाराचं विमान उचलायला जास्त वेग लागतो, तो वेग गाठायला जास्त लांब धावावं लागतं. शिवाय इंजिनाला मिळणारी हवाही पातळ, म्हणजे ताकदही कमी. धावपट्टी तर तेवढीच, दोन किलोमीटरच्या आसपास. ती काही उन्हात लांबत नाही. मग उरतो एकच उपाय, वजन कमी करायचं. सामान कमी, इंधन बेताचं, कधी काही खुर्च्या रिकाम्या. नाहीतर सकाळी लवकर निघायचं. कडक उन्हाळ्याच्या गावात सकाळची वेळ विमानाला मानवते ती यामुळे. तिकीट काढताना ‘दुपारचं विमान का ठेवत नाहीत’ म्हणून आपण चिडतो, त्यामागे कधीकधी असं सूर्याचं कारण असतं.

विमानांचा नाद मला लहानपणापासूनचा. सोलापुरात तेव्हा विमान नव्हतं, विमानांच्या रेघा होत्या. मुंबई आणि हैदराबाद या दोन विमानतळांना जोडणारी सरळ रेषा ओढली तर ती आमच्या गावाच्या थोडी उत्तरेकडून जाते. मुंबईहून चेन्नईला जाणारी दक्षिणेकडून. गच्चीवर झोपायचे दिवस होते, पहाटे डोळे उघडले की पांढरी रेघ ओढत कुणीतरी चाललेलं असायचं. आम्ही मुलं त्याला रॉकेट म्हणायचो. पुढे कळलं की तो धूर नव्हे. इंजिनातून बाहेर पडलेली पाण्याची वाफ तिथल्या उणे ४० अंशांखालच्या थंडीत गोठते आणि बर्फाच्या कणांची रेघ उमटते. वरची हवा कोरडी असली तर ती लगेच पुसली जाते, दमट असली तर पसरत राहते. ज्या गावात उन्हानं डांबर वितळतं, त्याच गावाच्या डोक्यावर दहा-अकरा किलोमीटरवर एवढी थंडी आहे, हे कळलं त्या दिवसापासून मी भौतिकशास्त्राची झाले, असं म्हणायला हरकत नाही.

आता आमच्या गच्चीवर कुरडया वाळत घालायच्या दोरीशेजारी एक छोटा अँटेना आहे. प्रवासी विमानं आपलं ठिकाण, उंची, वेग आणि ओळख १०९० मेगाहर्ट्झच्या रेडिओलहरींवर सतत सांगत असतात. कुणीही ऐकावं, त्यात लपवण्यासारखं काही नाही. ३५,००० फुटांवरचं विमान, मधे आडोसा नसेल तर, ४०० किलोमीटरवरूनही ऐकू येऊ शकतं. सोलापूर ते मुंबई हवाई अंतर साडेतीनशे किलोमीटरच्या आसपास आहे, म्हणजे पार कोकणावर असलेलं विमानसुद्धा आमच्या गच्चीला ‘मी इथं आहे’ म्हणून सांगू शकतं. भाचा आला की आम्ही दोघं पडद्यावर बघून आधी सांगतो, आता पश्चिमेकडून दोन इंजिनांचं एअरबस येईल, आणि मग दुर्बीण घेऊन वाट बघतो. ते ठरल्या जागी दिसलं की होणारा आनंद मला अजून शब्दात नीट पकडता आलेला नाही.

पण इतकी वर्षं बघून बघून एक गोष्ट मनात पक्की बसली आहे, आणि ती सांगायलाच हे लिहायला घेतलं. विमान आभाळात दिसतं. त्याचं बरंवाईट बहुतेक वेळा जमिनीवर ठरलेलं असतं. विमानाच्या नादात जो फक्त वर बघतो, त्याला निम्मंच दिसतं.

सोलापूरकरांना हे वेगळं सांगायला नको. आम्ही चिमणी पाहिली आहे. श्री सिद्धेश्वर सहकारी साखर कारखान्याच्या वीजप्रकल्पाची ती चिमणी, उंची ९० मीटरच्या आसपास. ती विमानांच्या वाटेत आहे की नाही, पाडायची की नाही, यावर गावात वर्षानुवर्षं वाद झाला. मोर्चे निघाले, उपोषणं झाली, दोन्ही बाजूंनी. विमान हवं म्हणणारे व्यापारी, डॉक्टर, पुण्या-बंगळुरात नोकरीला असलेल्या मुलांचे आईबाप एकीकडे. कारखान्याचे सभासद शेतकरी दुसरीकडे. शेवटी १५ जून २०२३ ला ती स्फोटकं लावून पाडली. काही सेकंदांत धुळीचा लोट उठला आणि गावाच्या दक्षिणेचं क्षितिज बदललं.

माझे मामा त्या कारखान्याचे सभासद. दक्षिण सोलापूर तालुक्यात त्यांचा ऊस. चिमणी पडल्यानंतर काही दिवसांनी मी त्यांच्याकडे गेले होते. बांधावर बसलो होतो. मामा म्हणाले, ‘आगं, एवढं मोठं आभाळ पडलंय मोकळं. ह्यांच्या विमानाला आमचीच चिमणी आडवी आली व्हय?’

प्रश्न चांगला होता. मी उसाचं एक वाळकं पाचट घेतलं, मातीत धावपट्टीची रेघ मारली आणि सांगायला लागले. मामा, धावपट्टीच्या टोकापासून वर चढत जाणारा एक न दिसणारा उतार असतो, मोठ्या धावपट्टीला साधारण ५० मीटर पुढे गेलं की १ मीटर वर इतका मंद. त्या उताराच्या वर काहीही डोकं काढायचं नाही. आणि धावपट्टीभोवती ४ किलोमीटरपर्यंत ४५ मीटर उंचीवर एक न दिसणारं छत धरलेलं असतं. मामांनी विचारलं, ‘विमान तर भराभर वर जातं, मग इतका मंद उतार कशाला?’ तेव्हा मी त्यांना खरं कारण सांगितलं. नियम सगळं सुरळीत चाललंय असं धरून करत नाहीत. ऐन उड्डाणाच्या क्षणी दोनपैकी एक इंजिन बंद पडलं, तर उरलेल्या एका इंजिनावर भरलेलं विमान जेमतेम चढत असतं. सोलापूरच्या उन्हात तर अजूनच जेमतेम. त्या विमानाला समोरची वाट मोकळी मिळाली पाहिजे.

मामांनी मातीतल्या रेघेकडे बराच वेळ पाहिलं. मग म्हणाले, ‘समजलं. पण पटलं न्हाई. चिमणी उभी राह्यली तवा कुणी हा उतार आम्हांला दावला न्हाई.’

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं आणि आजही नाही. विमान हवं होतं, मलाही हवं होतं, आणि नियमाचं कारण पक्कं आहे. तरी तो उतार आधी दाखवायचं काम जमिनीवरच्या माणसांचं होतं. विमानाचा नाद असणाऱ्यानं मामांचं ‘पटलं न्हाई’ ऐकून घेतलं पाहिजे, असं मला मनापासून वाटतं.

विमान आलं. २९ सप्टेंबर २०२४ ला नव्या रूपातल्या विमानतळाचं उद्घाटन झालं आणि ९ जून २०२५ ला फ्लाय ९१ या कंपनीचं गोव्याचं विमान सुरू झालं, एटीआर ७२. उंचावरचे पंख, दोन्ही बाजूंना सहा पात्यांचे प्रोपेलर. गावात कुणीकुणी नाक मुरडलं, ‘पंख्याचंच आणलंय होय?’ मला या विमानाचा फार लळा आहे. कमी लांबीची धावपट्टी, पाऊण-एक तासाचा प्रवास, सत्तरेक माणसं, या कामासाठीच ते घडवलंय. जेटला असल्या छोट्या पल्ल्यावर जेवढं इंधन लागतं, त्याहून याला बरंच कमी पुरतं. आणि त्याची एक खोड अशी आहे, की ती बघायला मी कुठल्याही विमानतळावर काचेला नाक लावून उभी राहते. बहुतेक प्रवासी विमानांच्या शेपटीत एक छोटं जादा इंजिन असतं. विमान उभं असताना वीज आणि गार हवा तेच पुरवतं. एटीआरला ते नसतं. मग ते काय करतं, तर उजवीकडचं मोठं इंजिन चालूच ठेवतं आणि त्याच्या प्रोपेलरला ब्रेक लावून धरतं. इंजिनाची शीळ ऐकू येतेय, मागे गरम हवा थरथरतेय, आणि सहाही पाती जागच्या जागी स्थिर. डावीकडे मागच्या दारातून माणसं चढत असतात, म्हणून ब्रेक लावलेलं इंजिन उजवीकडचं. मग माणसं बसतात, दार लागतं, ब्रेक सुटतो, पाती आधी आळसावल्यासारखी एक फेरा घेतात, दुसरा घेतात, आणि बघता बघता दिसेनाशी होतात. ऑक्टोबर २०२५ मध्ये स्टार एअरनं मुंबईची सेवा सुरू केली, ते एम्ब्रेअरचं जेट आहे. छानच आहे. पण ही गंमत त्यात नाही.

गोव्याचं विमान सुरू झालं त्याच्या तिसऱ्याच दिवशी, १२ जूनला, अहमदाबादला एअर इंडियाचं ड्रीमलायनर पडलं. विमानातल्या २४२ पैकी एकच जण वाचला. खाली वसतिगृहाच्या इमारतींतली माणसंही गेली. त्या संध्याकाळी माझा फोन थांबत नव्हता, कारण ओळखीत ‘विमानातलं कळणारी’ मीच. काय झालं असेल? मी सगळ्यांना एकच सांगितलं, माहीत नाही, आणि आज कुणालाच माहीत नाही. लोक जरा नाराज झाले. टीव्हीवर तोपर्यंत फ्लॅप, पक्षी, जास्तीचं वजन, सगळी कारणं ठामपणे सांगून झाली होती. महिन्याभरानं तपास संस्थेचा प्राथमिक अहवाल आला. दोन्ही इंजिनांचे इंधनाचे स्विच एका पाठोपाठ बंद स्थितीत गेले होते, हे त्यात नोंदवलेलं होतं, आणि ते का गेले याचा निष्कर्ष काढलेला नव्हता. त्यावरही पुन्हा ठाम माणसं उभी राहिलीच. गेलेल्या वैमानिकांची घरं आहेत, म्हातारे आईवडील आहेत. ज्याला यंत्राची माया आहे, त्यानं अंदाजाला माहितीचे कपडे घालून रस्त्यावर सोडू नये.

लष्करी विमानांच्या बाबतीत हे अजून कडक पाळावं लागतं. लढाऊ विमानं आपलं ठिकाण जगाला सांगत फिरत नाहीत, आणि चुकून दिसलं तर आपणही सांगत फिरू नये. मे २०२५ मध्ये सीमेवर तणाव पेटला तेव्हा संरक्षण मंत्रालयानं लष्करी हालचालींचं थेट प्रक्षेपण करू नका असं सगळ्यांनाच बजावलं होतं. त्या दिवसांत आमच्या ओळखीतल्या नादिष्ट मंडळींनी, ज्यांच्या बोलण्यात एरवी सुखोई-तेजसशिवाय विषय नसतो, आवाज ऐकला तरी तोंड उघडलं नाही. मला त्यांचा अभिमान वाटला.

त्याच वर्षी २६ सप्टेंबरला चंदीगडला मिग-२१ निवृत्त झालं. १९६३ साली जिथं ते हवाई दलात आलं, तिथंच त्याला निरोप दिला. दुसऱ्या दिवशी वर्गात एक मुलगा म्हणाला, ‘मॅडम, ती उडती शवपेटी बंद झाली ना?’ मी तास थांबवला. ही अनेक विमानं आपल्या ओझरला, नाशिकच्या माणसांनी बांधली आहेत. १४ डिसेंबर १९७१ ला ढाक्यात पूर्व पाकिस्तानच्या गव्हर्नरच्या निवासस्थानावर अचूक रॉकेटं टाकली ती मिग-२१ विमानांनी, आणि त्यानंतर तिथला गव्हर्नर राजीनामा देऊन मोकळा झाला. अपघात झाले, फार झाले, तरणी मुलं गेली, हे खरंच. पण का?

यंत्र अवघड होतंच. एकच इंजिन, छोटे त्रिकोणी पंख, उतरताना वेग ताशी ३०० किलोमीटरच्या पुढे. पण असल्या विमानावर आमची मुलं थेट किरणसारख्या सौम्य शिकाऊ विमानावरून येत होती. मधली पायरी नव्हती. ती हवी, प्रगत जेट प्रशिक्षण विमान घ्या, असं हवाई दलाच्या अपघातांचा अभ्यास करणाऱ्या ला फाँतेन समितीनं १९८२ मध्ये सांगितलं होतं. तशा हॉक विमानांचा करार झाला २००४ मध्ये. ती हवाई दलात आली २००८ मध्ये, बीदरला. बीदर इथून सरळ रेषेत पावणेदोनशे किलोमीटरसुद्धा नाही. सोलापूरची कितीतरी लग्नं बीदरला जुळतात. आपल्या शेजारच्या गावच्या तळावर जे विमान यायला २६ वर्षं लागली, ते आधी आलं असतं तर मिगच्या अपघातांचा इतिहास थोडा वेगळा झाला असता, असं माझं मत आहे. सगळे अपघात काही त्यानं टळले नसते. सुटे भाग, देखभाल, पक्षी, सहा दशकं ताणलेलं आयुष्य, कारणं अनेक होती. पण ‘शवपेटी’ म्हटलं की सगळा दोष पत्र्यावर जातो आणि ज्या टेबलावर फाइल पडून राहिली ते टेबल सुटतं. त्या मुलानं नंतर येऊन विचारलं, ‘मॅडम, मग ती २६ वर्षं काय चाललं होतं?’ हा प्रश्न त्याला पडला, एवढ्यावर तो तास मला पावला.

बीदरचं म्हणून अजून एक सांगते. सूर्यकिरण हा हवाई कसरतींचा चमू १९९६ पासूनचा, तळ बीदरच. तेव्हा ते किरण विमानांवर उडायचे. २०११ मध्ये तो चमू थांबवला, कारण शिकाऊ वैमानिकांसाठी किरण विमानं कमी पडत होती. २०१५ मध्ये हॉकवर पुन्हा सुरू झाला. नऊ विमानांची ती देखणी रांग बघताना मला नेहमी आठवतं, की प्रशिक्षणाची विमानं पुरी पडत नाहीत म्हणून हे एकदा जमिनीवर बसवले गेले होते.

मामांचं आणि विमानाचं नातं चिमणीच्याही आधीचं. आमचा पट्टा पर्जन्यछायेतला. २०१८ आणि २०१९ च्या पावसाळ्यात पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेनं सोलापूर भागातल्या ढगांवर प्रयोग केले. विमानातून ढगाच्या तळाशी क्षारांचे कण सोडायचे, म्हणजे त्यांच्याभोवती मोठे थेंब धरतात. आमच्या भागात तेव्हा उलटीच बोलवा होती, विमान आलं की ढग पळतात. मामाही तेच म्हणायचे. त्या शास्त्रज्ञांची एक रीत मला फार आवडली. काही ढगांत कण सोडायचे, तसल्याच दुसऱ्या ढगांत मुद्दाम सोडायचे नाहीत, आणि रडार व पर्जन्यमापकांनी दोन्हींची तुलना करायची. योग्य ढग निवडले तर १८ टक्क्यांच्या आसपास जास्त पाऊस पडला, असं त्यांना आढळलं. योग्य ढग निवडले तर. ढगच नसले तर विमान काही करू शकत नाही. मामांना हे सांगितलं तेव्हा ते म्हणाले, ‘म्हंजे आधी ढग पायजे.’ हो मामा, आधी ढग.

आता गावात बोरामणीचं बोलणं पुन्हा निघतं. तिथं मोठं नवं विमानतळ करायचं म्हणून जमिनी घेतल्या गेल्या आणि काम वनजमीन आणि माळढोक यांच्या प्रश्नात अडकलं. माळढोक हा उडणाऱ्या पक्ष्यांमधला सर्वांत जड पक्ष्यांपैकी एक, नर १५ किलोपर्यंत भरतो. डोळे बाजूला असल्यामुळे त्याला समोरचं नीट दिसत नाही, विजेच्या तारांवर आदळून मरतो. देशात ते आता दीडशेच्या आसपास उरलेत, आणि ज्या नान्नजच्या अभयारण्याचं नाव त्याच्यामुळे झालं तिथं तो क्वचितच नजरेस पडतो. मोठी विमानं उतरावीत असं मला वाटत नाही का? खूप वाटतं. पण पंधरा किलोचं अंग हवेत उचलणारा जीव हा माझ्या लेखी एटीआरइतकाच मोठा चमत्कार आहे, आणि त्याचं गवत त्याला राहू द्यावं. होटगी रस्त्याच्या धावपट्टीवर वेळा नीट आखल्या, तर जे चाललंय त्यातूनही पुष्कळ साधता येईल.

गावात विमान उतरायला लागल्यापासून वर्गातले प्रश्न बदललेत. परवा एका मुलीनं विचारलं, ‘मॅडम, पायलट व्हायला खूप पैसे लागतात ना?’ तिचे वडील यंत्रमागावर टॉवेल विणतात. लागतात, मी सांगितलं, खूपच लागतात. मग तिला फळ्यापाशी बोलावून बाकीची माणसं दाखवली. विमान सोडायचं की नाही यावर सही करणारा देखभाल अभियंता. हवेचा दाब आणि तापमान नोंदवणारा निरीक्षक. आणि मनोऱ्यात बसून ‘उतरा’ म्हणणारी हवाई वाहतूक नियंत्रक. त्या शेवटच्या नोकरीच्या परीक्षेला बसायला भौतिकशास्त्र आणि गणित घेऊन बी.एस्सी. झालेलं चालतं, हे तिला माहीत नव्हतं. वर्गात कुणालाच माहीत नव्हतं.

‘मराठी माध्यमातून झालेलं चालतं?’ तिनं विचारलं.

चालतं. इंग्रजी बोलण्याची वेगळी परीक्षा द्यावी लागते, ती तयारी आपण इथंच करू म्हटलं. शनिवारी शाळा सुटल्यावर आता पाच-सहा जणी थांबतात. सध्या घनता-उंचीचं, म्हणजे तापलेल्या हवेत धावपट्टी किती उंचावर असल्यासारखी वागते त्याचं, गणित चाललंय. गच्चीवर तापमापी लावली आहे, नोंदी त्याच घेतात.